मृण्मयी नाव ठेवावं का, आणि स्पेलिंगमध्ये यू लावावा की आय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच कळेल. मुलगी झालीय, बारसं पुढच्या आठवड्यात, नाव मृण्मयी जवळजवळ ठरलंय. तुम्ही माहेरच्या कोल्हापूरच्या, सासर इंदूरचं पण मराठीच, राहता पुण्यात. तुमच्याकडे सगळे 'म्रुण्मयी' म्हणतात, इंदूरची मंडळी 'म्रिण्मयी' म्हणतात, त्यामुळे इंग्रजीत त्यांना आय हवाय आणि तुम्हाला यू. आजेसासूबाईंना नावाचा अर्थच पटत नाहीये, मातीचं नाव कशाला आणि त्यात ते 'मृत'सारखं ऐकू येतं. आणि तुम्हाला स्वतःला धाकधूक आहे की एवढं जोडाक्षरांचं नाव लेकीला झेपेल का.

मी शाळेत मराठी शिकवते, आणि पहिलीच्या प्रवेशाची कागदपत्रं तपासायची अन् दहावीच्या बोर्डाचे फॉर्म भरून घ्यायचे ही दोन्ही कामं बरीच वर्षं माझ्याकडे आहेत. म्हणजे एकाच मुलीचं नाव मी तिच्या सहाव्या वर्षी बघते आणि पंधराव्या वर्षी परत बघते, मधे त्या नावाचे कागदोपत्री जे काही अवतार झालेले असतात ते सगळे माझ्या टेबलावर येतात. त्यामुळे माझं उत्तर थोडं कागदांकडे झुकलेलं असणार. पण आधी मत सांगून टाकते: नाव ठेवा, छान आहे. स्पेलिंग यू घालून करा. आता कारणं सांगते, आणि कुठल्या परिस्थितीत माझं मत बदललं असतं तेही सांगते.

मला वाटतं यू की आय यातलं बरोबर काय हा खरा प्रश्नच नाहीये. घरात दोन उच्चार आहेत, त्यातला कुठला कागदावर चढणार आणि एकदा चढलेला पुढे प्रत्येक कागदावर जसाच्या तसा राहणार का, हा प्रश्न आहे. पहिला भाग एका संध्याकाळी चहावर मिटतो, दुसऱ्याकडे मात्र कुणीच बघत नाही.

ऋ चं घ्या. ऋ हा मुळात स्वर, त्याचा जुना उच्चार रु पण नव्हता आणि रि पण नव्हता, आणि आज रोजच्या बोलण्यात तो कुणीच करत नाही. मराठी, गुजराती, ओडिया, कन्नड, तेलुगू बोलणारे साधारण रु कडे गेले, हिंदी, पंजाबी, बंगाली बोलणारे रि कडे गेले. म्हणून आपल्याकडे अमृत म्हणताना 'अम्रुत' होतं आणि दिल्लीत 'अम्रित' होतं. इंदूरची मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या हिंदीच्या शेजारात राहिलीत, शाळा हिंदी, बाजार हिंदी, तर त्यांचा ऋ रि झाला यात चूक काहीच नाही. तेव्हा 'शुद्ध कोणतं' हा वाद घरात काढूच नका, त्यात कुणी जिंकत नाही आणि बारशाआधीच तोंडं फुगतात. देवनागरीत तर दोन्ही घरं 'मृ' असंच लिहिणार आहेत. भांडण फक्त इंग्रजीतल्या एका अक्षराचं आहे.

त्या अक्षराबद्दल लोकांचीही एकवाक्यता नाही. मृणाल हे नाव बघा, सुरुवात तीच. मृणाल ठाकूर धुळ्यात जन्मलेली अभिनेत्री, ती यू लावते. मृणाल सेन बंगाली दिग्दर्शक, त्यांना आय. पण 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुंबईच्या नेत्या मृणाल गोरे, पक्क्या मराठी, त्यांचं नावही इंग्रजीत बहुतेक आय लावूनच छापलेलं दिसतं, आणि मृणाल कुलकर्णींचं दोन्ही प्रकारे दिसतं. म्हणजे मराठी माणसाने यूच लावावा असा काही नियम नाही. आपणही कृष्णा नदी आणि संस्कृत ही भाषा इंग्रजीत लिहिताना आयच लावतो आणि बोलताना खुशाल रु म्हणतो.

मग मी यू का म्हणते? कारण कृष्णा कशी म्हणायची ते सगळ्यांना आधीच माहीत असतं, मृण्मयी हे नाव मात्र महाराष्ट्राबाहेरच्या माणसाने कदाचित पहिल्यांदाच बघितलेलं असतं, तो ते इंग्रजी अक्षरांवरूनच म्हणणार. आय बघितला की तो 'म्रिन्मयी' म्हणणार आणि पुढे तिला आयुष्यभर तसंच म्हणणार. यू बघितला तर लखनौचा माणूसही 'म्रुन्मयी'पर्यंत बरोबर येतो. अनोळखी माणसाच्या तोंडून जी हाक यावी असं वाटतं ती लिहायची, एवढाच माझा हिशोब. तुम्ही पुण्यात राहणार, शाळा पुण्यात, मैत्रिणी पुण्याच्या, रोजच्या शंभर हाकांमधल्या नव्वद तरी रु च्या असतील. इंदूरच्या आजी-आजोबांनी सुट्टीत लाडाने म्रिण्मयी म्हटलं तर पोरीला दोन्ही हाका आपल्या वाटतात, मुलं यात गोंधळत नाहीत. हेच जर तुम्ही इंदूरला कायमचं राहायला जाणार असतात तर मी बिनदिक्कत आय लावा म्हटलं असतं. दिल्ली, भोपाळ, कोलकात्यालाही तेच. रोज हाक कोण मारणार यावर ठरवायचं.

परदेशाचं तुम्ही विचारलं नाहीत पण पुण्यातल्या आयटीवाल्या घरात तो विचार असतोच म्हणून सांगते. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये अडचण यू-आयची नसतेच, तिथे अडचण पहिल्या दोन अक्षरांची. एम आणि आर एकत्र आले की त्यांना मिस्टर आठवतो, इंग्रजीत 'म्र' ने सुरू होणारे शब्द नाहीत, त्यामुळे मधे कुठेतरी एक स्वर घुसवूनच ते नाव म्हणतात. बाहेर गेलेल्या माझ्या विद्यार्थिनी तिकडे छोटं नाव सांगतात आणि कागदावर पूर्ण ठेवतात. हा काही नाव सोडायचं कारण वाटत नाही मला, पण कायमचंच तिकडे जायचं पक्कं असेल तर दोघांनी एकदा मोठ्याने बोलून बघा की हे आपल्याला दरवेळी समजावून सांगायला आवडेल का.

मधला ण की न? मराठीत ण रुळलाय, तोच ठेवा. कुणी संस्कृत जाणणारे काका भेटतील आणि म्हणतील की मृद् अधिक मय, द चा न होतो, चित् अधिक मय चिन्मय होतो तसं, आणि पदाच्या शेवटच्या न चा ण होत नाही म्हणून मृन्मयी हेच शुद्ध. त्यांचं व्याकरण बरोबर आहे, बंगालीत न नेच लिहितात. पण मराठीत इतकी वर्षं ण लिहिला-बोलला जातोय, आपल्या ओळखीच्या सगळ्या मृण्मयी ण वाल्या आहेत, आणि इंग्रजीत दोन्हीसाठी एन एकच. इथे वेळ घालवू नका.

शेवटच्या 'यी'साठी वाय आणि डबल ई. नुसता आय लावला तर चालतं, पण माझ्या अनुभवात वाय-आय वालं नाव फॉर्म भरताना कुणीतरी वाय गाळतं, कुणी आय गाळतं, कारण बोलताना आपण सगळेच 'मृण्मई' म्हणतो, तो य नीट ऐकूच येत नाही. डबल ई डोळ्यात भरते, गाळली तर लगेच दिसते. मृण्मयी देशपांडे, मृण्मयी गोडबोले या दोघी अभिनेत्रीही असंच लिहितात, त्यामुळे पुण्या-मुंबईत टाइप करणाऱ्याच्या बोटाला ते सवयीचं झालंय. म्हणजे अख्खं स्पेलिंग झालं एम आर यू एन एम ए वाय ई ई, नऊ अक्षरं. अंकशास्त्र बघून मधे एखादा जास्तीचा एम किंवा ए घालायचा सल्ला कुणी दिला तर कृपा करून नका ऐकू. ते जास्तीचं अक्षर टाइप करणारा प्रत्येक माणूस चूक समजून काढून टाकतो आणि मग ती मुलगी तेच दुरुस्त करत फिरते, हे मी बघितलंय आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

आता आजेसासूबाईंकडे येते, कारण मला वाटतं तुमच्या मनाला तेच जास्त लागलंय. त्यांना 'मृत' ऐकू येतं ते स्वाभाविक आहे, पण तो धातू वेगळा, मरण्याचा. आपला शब्द मृद्, म्हणजे माती, मृत्तिका त्यातलीच. पाऊस पडल्यावरचा मृद्गंध त्यातला, सरकारचं मृद व जलसंधारण खातं त्यातलं, मृदंगाचा संबंधही मातीच्या खोडाशीच लावतात. आणि मातीचं म्हणून कमी कसं? गणेश चतुर्थीला आपण ज्याची प्राणप्रतिष्ठा करतो तो पार्थिव गणपती, पार्थिव म्हणजे मातीचाच. गंमत म्हणजे पार्थिव हे मुलाचं नाव लोक आनंदाने ठेवतात, आणि तो शब्द तर पेपरात अंत्यसंस्काराच्या बातमीतही येतो, तरी कुणाला खटकत नाही. बंगालमध्ये दुर्गेच्या मातीच्या मूर्तीला मृण्मयी म्हणतात आणि पूजेत ती चिन्मयी, म्हणजे चैतन्यमय होते असं मानतात, बांकुरा जिल्ह्यातल्या विष्णुपूरला तर मृण्मयी देवीचं मंदिरच आहे. देवीचं नाव आहे म्हटल्यावर घरातली मोठी माणसं बऱ्याचदा विरघळतात, आणि हे काही त्यांना फसवणं नव्हे, ते खरंच देवीचं नाव आहे. हे तुम्ही स्वतः सांगू नका, नातवाला म्हणजे तुमच्या नवऱ्याला सांगायला लावा, त्यांच्या शेजारी बसून.

तरीही त्यांचं मन नाहीच वळलं तर? इथे मी हट्ट करा असं म्हणणार नाही, ते तुमच्या घरावर अवलंबून आहे. काही घरांत पणजी दोन महिन्यांत स्वतःच लाडाचं नाव शोधून मोकळी होते, काही घरांत ती सल वर्षानुवर्षं राहते. तुमच्या घरात कुठलं, ते तुम्हालाच माहीत. चिन्मयी हा जवळचा पर्याय आहे, लय तीच, ऋ चं भांडण नाही, अर्थावर कुणाचं बोट नाही. पण तो तुम्हाला मनापासून आवडला तरच. दुसऱ्याच्या समाधानासाठी ठेवलेल्या नावाने हाक मारताना आईचाच आवाज अडखळतो, असं मी आयांच्या तोंडून ऐकलंय.

मुलीला झेपेल का? झेपेल. सुरुवातीला ती स्वतःला 'मुन्मई' किंवा 'मिन्नी' म्हणेल, कारण लहान मुलांना जोडाक्षरातला र उशिरा येतो आणि ण तर अजून उशिरा, तेव्हा घाबरून जाऊन सारखी दुरुस्ती करू नका, आपण स्वच्छ म्हणत राहायचं. लिहिण्याचं सांगते. माझ्या पहिलीच्या वर्गात एक मृण्मयी होती, ती वहीवर 'मरुणमयी' लिहायची, कारण ऋकार म च्या पायाशी खालच्या रेघेवर काढायचा असतो आणि तिला तिथे जागाच पुरायची नाही, मग ती बिचारी र शेजारी मांडायची. आम्ही आधी टाळ्या वाजवून नाव तोडलं, मृण्-म-यी, तीन टाळ्या. नाव तीन टाळ्यांचंच आहे हे कळल्यावर तिची भीती गेली. मग पाटीवर नुसता मोठा 'मृ' गिरवला, कृ, तृ, गृ सोबत घेऊन. दिवाळीच्या सुट्टीआधी ती पूर्ण नाव न बघता लिहायला लागली आणि वर्गातल्या ज्यांची नावं दोन अक्षरी होती त्यांना ऋकार शिकवायला लागली. अवघड नावाची पोरं जोडाक्षरांत लवकर तयार होतात असं माझं निरीक्षण आहे.

अर्धा ण तेवढा सांभाळा. 'मृणमयी' असं पूर्ण ण ने लिहिलं तरी मराठीत वाचताना मधला अ गळतो आणि उच्चार जवळजवळ तोच येतो, त्यामुळे ही चूक कानाला कळतच नाही, डोळ्यांनीच पकडावी लागते. कागदांवर सगळ्यात जास्त सापडणारी चूक हीच.

आणि आता कागद, ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले.

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती बहुतेक वेळा हॉस्पिटलकडून जातेच, पण त्या नोंदीत बाळाचं नाव लगेच घालायलाच हवं असं नाही. नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं, आणि त्यानंतरही विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. तेव्हा बारशाच्या धावपळीत कुणा मामाच्या हाती फॉर्म देऊन नाव टाकू नका. बारसं होऊ दे, दोन्ही घरं शांत होऊ देत, स्पेलिंग एका कागदावर दोघांच्या सहमतीने लिहा आणि मग महापालिकेत स्वतः जा. कारण एकदा नाव चढलं की लिहिण्यातली चूक पुराव्यानिशी दुरुस्त होते, पण 'आता आम्हाला आय आवडायला लागलाय' याला तिथे चूक म्हणत नाहीत.

शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा बदललाय, त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्या बाळांसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणजे जन्मदाखलाच, शाळाप्रवेशाला तोच, पासपोर्टला तोच, पुढे वाहन परवाना आणि मतदारयादीलाही तोच. आमच्या काळी शाळेचा दाखला सगळ्याचं मूळ असायचा, तुमच्या लेकीचं मूळ जन्मदाखला आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव बाळाचं, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव अशा क्रमाने लिहायचं असतं, तर तुमच्या दोघांच्याही नावांचं स्पेलिंग तुमच्या आधारवर आहे तेच तिथे जाऊ दे. मुलीच्या नावाकडे बघताना आईच्या नावात चूक राहून गेलीय असे दाखले मी पाहते.

दाखल्याचा कच्चा मसुदा बघायला मिळाला तर मराठी रकाना इंग्रजीपेक्षा जास्त वेळ बघा. इंग्रजी टाइप केलं की सॉफ्टवेअर शेजारी मराठी आपोआप उमटवतं, आणि मृण्मयीचं हमखास 'म्रुन्मयी' किंवा 'मृनमयी' होतं. म ला खाली ऋकार आहे का, ण अर्धा आहे का, यी ला दुसरी वेलांटी आहे का, या तीन गोष्टी बोट ठेवून बघायच्या. बाल आधार काढतानाही अगदी हेच, ऑपरेटरच्या स्क्रीनवर दोन्ही लिप्या दिसतात, तिथेच थांबवून सांगायचं. लाजू नका, मागे रांग असली तरी.

हे सगळं का, तर आता शाळेत अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक, काढताना शाळेच्या नोंदीतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं, एक ई कमी असली तरी गाडी अडते. पुढे दहावीला बोर्डाची प्री-लिस्ट येते, मुलीला आणि पालकांना ती तपासून सही करायला देतो, आणि पालक काय करतात तर आडनाव आणि जन्मतारीख बघून सही ठोकतात. माझ्याकडे एक मुलगी अशी आली होती की जन्मदाखल्यावर यू, आधारवर आय, आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पहिलीत कुणीतरी वाय गाळलेला. आईबाबांचं म्हणणं होतं की नाव तर एकच आहे ना. उच्चाराला एकच आहे, कागदाला तीन मुली आहेत. शाळेत असेपर्यंत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने रजिस्टर दुरुस्त करता येतं, ते आम्ही केलं, पण शाळा सोडल्यावर हेच राजपत्रापर्यंत जातं, आणि त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातो. तेव्हा इंदूरकरांनी एखादा फॉर्म प्रेमाने आय लावून भरून दिला, समजा सुकन्या समृद्धीच्या खात्याचा, तर तेवढं मात्र गोड बोलून आधीच सांगून ठेवा की स्पेलिंग दाखल्याप्रमाणेच. हाक हवी तशी मारू देत, फॉर्मवर एकच.

हाक मारायच्या नावाचंही विचारलं होतंत ना, मनू ठेवू की मिनू. मला विचाराल तर 'मृणू' नको, ते बाहेर सगळे मृणालचं छोटं रूप समजतात आणि मग पोरीला मृणाल म्हणूनच ओळखायला लागतात. मनू छान आहे, म्हणायला सोपं, दोन्ही घरांत एकसारखं ऐकू येतं. फक्त बालवाडीत घालताना बाईंना पहिल्याच दिवशी पूर्ण नाव सांगा आणि डब्यावर, पाण्याच्या बाटलीवर मृण्मयीच लिहा, नाहीतर पहिलीच्या हजेरीत मृण्मयी पुकारलं की ती मान वर करून बघतच नाही, तिला वाटतं दुसऱ्याच कुणाला तरी बोलावतायत.